दुखरा घास

१८८४ च्या जून महिन्यातली गोष्ट. न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरच्या लाँग ब्रँच या गावी अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट उन्हाळ्यासाठी मुक्कामाला होते. जेवणाच्या टेबलावरचे एक पीच त्यांनी उचलले, चावा घेतला आणि घास गिळताच ते कळवळले. फळातून एखादी गांधीलमाशी गिळली गेली आणि तिने घशात डंख मारला, अशीच त्यांची समजूत झाली. पाण्याचा घोट घेतला, तर तोही जाळत खाली उतरला. पुढे दुखणे थोडे निवळले, मग पुन्हा आले. गावात आलेल्या एका जाणत्या डॉक्टरने घसा पाहून, नेहमीच्या डॉक्टरांना लवकर दाखवा, असे बजावले. ते डॉक्टर तेव्हा युरोपात होते. ग्रँट त्यांची वाट पाहत थांबले. घशाच्या विकारांचे तज्ज्ञ डॉ. जॉन डग्लस यांच्यापुढे ते तोंड उघडून बसले, तोवर ऑक्टोबर संपत आला होता. जिभेच्या मुळाशी आणि टॉन्सिलच्या आसपास कॅन्सर होता. २३ जुलै १८८५ रोजी ग्रँट गेले.

त्याच १८८५ सालच्या उन्हाळ्यात कलकत्त्याजवळच्या दक्षिणेश्वरी रामकृष्ण परमहंसांचा घसा दुखू लागला. सतत बोलणाऱ्या धर्मोपदेशकांना होणारा घशाचा त्रास, असे त्याचे सुरुवातीचे निदान होते आणि दिवसभर भक्तांशी बोलणाऱ्या माणसाला ते लागू पडण्यासारखेही होते. उपचारांच्या सोयीसाठी त्यांना आधी श्यामपुकुरला आणि डिसेंबरात काशीपूरच्या बागेतल्या घरी हलवले. डॉ. महेंद्रलाल सरकार यांच्यासारखा नामांकित वैद्य औषध देत होता. पण पातळ अन्नाचा घोटही उतरेना. १६ ऑगस्ट १८८६ रोजी रामकृष्णांनी देह ठेवला. त्यांनाही घशाचा कॅन्सर होता.

एक सेनापती, एक संत, मध्ये दोन महासागर. दोघांच्याही आजाराची पहिली खूण एकच होती: गिळताना दुखणे. आणि दोघांच्याही बाबतीत त्या खुणेला पहिल्यांदा एक साधे, पटण्याजोगे कारण चिकटले. अशी साधी कारणे बहुतेक वेळा खरीही असतात, आणि या विषयाची खरी अडचण तीच आहे. शंभर माणसांचा घसा दुखतो तेव्हा त्यातल्या फार मोठ्या संख्येला आठवड्याभरात आपोआप बरे वाटते. उरलेल्यांपैकी कोणाला गोळी हवी असते, कोणाला रक्ताची तपासणी, कोणाला दुर्बीण, तर एखाद्याला ताबडतोब रुग्णवाहिका. हे वेगळे कसे ओळखायचे, हा या पानांचा प्रश्न आहे. दुखणे किती जोराचे आहे यावरून ते ठरत नाही. दुखणे किती दिवसांचे आहे, एका बाजूचे आहे की दोन्ही, आणि त्याच्यासोबत आणखी काय आले आहे, यावरून ते ठरते. या प्रस्तावनेत पुढे जे काही येते ते या तीन प्रश्नांभोवती फिरते.

आधी गिळण्याकडे पाहू. घास चावून झाला की जीभ त्याला टाळूवर दाबत मागे ढकलते, आणि तिथून पुढचे काहीही माणसाच्या हातात राहत नाही. मऊ टाळू वर उचलली जाऊन नाकाची वाट बंद होते, स्वरयंत्र वर सरकते, त्याच्यावरचे झाकण मिटते, श्वास क्षणभर थांबतो आणि अन्ननलिकेचे तोंड उघडते. घशातला हा सगळा कारभार साधारण एका सेकंदात उरकतो. मेंदूतून थेट निघणाऱ्या बारा मज्जातंतूंच्या जोड्यांपैकी पाच-सहा जोड्या त्यासाठी एकाच वेळी राबतात. जेवणातच नव्हे, तर लाळ गिळतानाही हेच घडते, अगदी झोपेतही. म्हणून घशातली लहानशी जखम दिवसभर स्वस्थ बसू देत नाही. पायाला लागले तर पाय टेकवून ठेवता येतो. घशाला विश्रांती देता येत नाही.

जिभेची दुखरी जागा पुष्कळदा फसवते. तिच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाची वेदना एका मज्जातंतूतून जाते, मागच्या एक-तृतीयांश भागाची दुसऱ्यातून. हा दुसरा मज्जातंतू टॉन्सिल आणि घशाची मागची भिंत यांचीही खबर मेंदूकडे नेतो आणि त्याचीच एक फांदी मधल्या कानात जाते. दोन घरांना एकच घंटा लावलेली असावी तशी ही व्यवस्था आहे: ती वाजली की कुठल्या दाराशी कोण आले हे मेंदूला नीट कळत नाही. त्यामुळे टॉन्सिल सुजले की कान ठणकतो. खालच्या घशातून निघणारा आणखी एक मज्जातंतू कानाच्या बाह्य नलिकेपर्यंत पोचतो, म्हणून स्वरयंत्राजवळचा विकारही कानात बोलतो. गिळताना एका बाजूचा कान दुखतो, कानात पाहिले तर पडदा स्वच्छ, औषधाचे थेंब घालून फरक नाही, आणि माणूस पन्नाशीच्या पुढचा, तंबाखू खाणारा: अशा वेळी कानाच्या औषधावर आणखी महिना घालवणे धोक्याचे असते. घसा आणि जिभेचे मूळ दुर्बिणीने पाहिलेच पाहिजे.

नेहमीचा घसा मात्र विषाणूंचा. नाक वाहते, खोकला आहे, आवाज बसला आहे, डोळे चुरचुरतात आणि घसा दुखतो, तर ते बहुधा सर्दी-पडशाच्या विषाणूंचे काम. फ्लू, करोना, लहान मुलांच्या तोंडात, हातापायांवर फोड आणणारे विषाणू हे सगळे याच रांगेतले. मूल पाणीही नाकारते, लाळ गाळते आणि आईला वाटते की दात येत आहेत. टाळूच्या मागे पाहिले तर लहान लहान फोड दिसतात. या दुखण्याला अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नसतो. कोमट पाणी, मिठाच्या गुळण्या, पॅरासिटामॉल आणि मुलाच्या लघवीवर लक्ष ठेवून पाणी पाजत राहणे, एवढाच खरा उपचार आहे. तरुण मुलामुलींना एक वेगळा विषाणू गाठतो: टॉन्सिलवर पांढरे साय धरल्यासारखे थर, मानेत दोन्हीकडे गाठी, आठवडे टिकणारा थकवा. त्यांना अमॉक्सिसिलिन दिले की पुष्कळांच्या अंगभर पुरळ उठते, आणि मग त्या पुरळाला औषधाची कायमची ॲलर्जी समजले जाते.

जिवाणूंमुळे दुखणारे घसे थोडे. मोठ्या माणसांत दहातला एखादा, मुलांत चारातला एखादा. त्यातला सर्वांत महत्त्वाचा जिवाणू म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस. १९८१ मध्ये अमेरिकी डॉक्टर रॉबर्ट सेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो ओळखायला चार साध्या खुणा सुचवल्या. ताप, खोकला नसणे, टॉन्सिलवर पू आणि मानेच्या पुढच्या बाजूच्या गाठी दाबल्यावर दुखणे. चारही असल्या तरी खात्री नसते, एकही नसली तर मात्र शक्यता फारच कमी. खेड्यातल्या दवाखान्यात प्रयोगशाळा नसतानाही हा हिशेब करता येतो, हे त्याचे मोल.

एवढी काळजी कशासाठी? कारण या घशाची किंमत काही वेळा हृदय मोजते. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत, घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात, ताप येतो, आणि शरीराने जिवाणूविरुद्ध उभी केलेली फौज हृदयाच्या झडपांवरच उलटते. हाच ऱ्हुमॅटिक फीवर. पुढे तिशीत, बहुधा पहिल्या बाळंतपणात, धाप लागते आणि झडप अरुंद झाल्याचे कळते. दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घेणारी माणसे महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयांत आजही रांगेत दिसतात. घसा दुखायला लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत योग्य अँटिबायोटिक सुरू झाले तर हे टाळता येते. म्हणूनच औषधाच्या दुकानातून दोन दिवसांच्या चार गोळ्या घेऊन, बरे वाटले म्हणून थांबणे दोन्हीकडून वाईट: विषाणू असेल तर गोळी फुकट, आणि स्ट्रेप्टोकॉकस असेल तर अपुरी.

घटसर्प हा शब्द आजीच्या पिढीला थरकाप आणायचा. टॉन्सिलवर राखाडी, चिवट पडदा चढतो. ओढायला गेले तर रक्त येते. मान दोन्हीकडून सुजते. पडदा श्वास कोंडतो आणि जिवाणूचे विष हृदयावर जाते. १८८३-८४ मध्ये क्लेब्ज आणि लोफ्लर या जर्मन संशोधकांनी त्याचा जिवाणू शोधला, लस आली आणि आजार मागे हटला, पण गेला नाही. भारतात तो दरवर्षी आढळतो, आणि लसीचे पुढचे डोस राहून गेलेल्या मोठ्या मुलांतही आढळतो. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांची इंजेक्शने बहुतेक घरांत होतात. दीड वर्षाचा आणि पाच-सहा वर्षांचा डोस, दहाव्या आणि सोळाव्या वर्षाचे इंजेक्शन इथे मात्र हात ढिला पडतो.

बाळाला सहाव्या आठवड्यात टोचली जाणारी पाच आजारांवरची लस घशाच्या आणखी एका शत्रूला रोखते. स्वरयंत्रावरचे ते झाकण सुजले तर काही तासांत श्वास अडू शकतो. जॉर्ज वॉशिंग्टन यांचा शेवट बहुधा असाच झाला, असे आज पुष्कळ वैद्यक-अभ्यासक मानतात. १२ डिसेंबर १७९९ रोजी ते गारा-पावसात घोड्यावरून शेतावर फिरले, दुसऱ्या दिवशी घसा धरला, आणि १४ तारखेच्या पहाटे श्वास अवघड झाला. काकवी, व्हिनेगर आणि लोणी यांचे मिश्रण दिले तर ते गिळता येईना, जीव गुदमरला. दिवसभरात चार वेळा त्यांचे रक्त काढण्यात आले. तरुण डॉक्टर एलिशा डिक यांनी गळ्याला छेद देऊन श्वासाची वाट करू, असे सुचवले. वडीलधाऱ्यांनी मानले नाही. त्याच रात्री वॉशिंग्टन वारले. लाळही न गिळता येणे, पुढे वाकून बसणे, आवाज दबका होणे, श्वासाला घरघर येणे ही लक्षणे दिसली की घरी चमचा घालून घसा पाहू नये, मुलाला आडवे करू नये, सरळ मोठे रुग्णालय गाठावे.

तसाच तातडीचा आणखी एक आजार दाढेतून सुरू होतो. खालची किडलेली दाढ, तिच्या मुळाशी पू, आणि तो जिभेखालच्या मऊ जागेत उतरतो. हनुवटीखाली लाकडासारखी घट्ट सूज, जीभ वर उचललेली, गिळणे अशक्य. स्टुटगार्टचे डॉक्टर विल्हेल्म फॉन लुडविग यांनी १८३६ मध्ये त्याचे वर्णन केले आणि त्यांचेच नाव त्याला पडले. दाढ दुखतेय, लवंग ठेवून बघू, असे म्हणत आठवडा काढणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. टॉन्सिलच्या बाजूला गळू झाले तर तोंड उघडत नाही, आवाज घोगरा येतो आणि पडजीभ एका बाजूला ढकलली जाते. तेही छेद देऊन रिकामे करावे लागते; नुसत्या गोळ्यांनी भागत नाही.

आता जिभेकडे. जीभ हे रक्ताचे दर्शन घडवणारे ठिकाण आहे, आणि या बाबतीत मुंबईने वैद्यकशास्त्राला एक मोठी गोष्ट दिली. १९२८ मध्ये लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईला आली आणि परळच्या हाफकिन संस्थेतून तिने गरोदर बायकांच्या एका विलक्षण रक्तक्षयाचा अभ्यास सुरू केला. कापड गिरण्यांत राबणाऱ्या, हलाखीत जगणाऱ्या या बायका फिकट पडत, थकत, आणि त्यांच्यातल्या पुष्कळांची जीभ लाल, गुळगुळीत आणि दुखरी होई. विल्सने त्यांचा आहार तपासला, प्राण्यांवर प्रयोग केले आणि शेवटी यीस्टच्या अर्काने, म्हणजे इंग्लंडात पावाला लावायच्या स्वस्त मार्माइटने, या बायका झपाट्याने सुधारतात, हे १९३१ मध्ये जाहीर केले. त्या अर्कातला अनाम पदार्थ काही वर्षे तिच्याच नावाने ओळखला गेला. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून तो वेगळा काढला गेला: फॉलिक ॲसिड. आज गरोदर बाईला मिळणाऱ्या लाल गोळीतला हा घटक परळच्या त्या प्रयोगशाळेपर्यंत मागे जातो, हे मुंबईकरांनाही फारसे माहीत नसते.

फॉलिक ॲसिडचा जोडीदार ब-१२. तो वनस्पतीत नसतो. दूध, अंडी, मासे, मांस यांतून येतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यातल्या, झोपडपट्टीतल्या आणि शहरी मध्यमवर्गातल्या ४४१ पुरुषांचे रक्त तपासले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोन-तृतीयांश पुरुषांत ब-१२ कमी निघाले, आणि सर्वांत जास्त कमतरता शहरी मध्यमवर्गात होती. अभ्यास जिभेसाठी केलेला नव्हता, पण शाकाहारी घरांतल्या दुखऱ्या जिभांचे बरेचसे कोडे त्यातून सुटते. तिखट सोसत नाही, गरम चहा जिभेला झोंबतो, जिभेवरचे बारीक काटे झडून ती तुकतुकीत झाली आहे, हातापायांना मुंग्या येतात. मग उष्णता झाली म्हणून गुलकंद सुरू होतो. गुलकंदाने कोणाचे बिघडत नाही, पण मुंग्यांकडे महिनोन्महिने दुर्लक्ष झाले तर मज्जातंतूंचे नुकसान पूर्ण भरून येत नाही. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि पित्तासाठी रोज सकाळी कॅप्सूल घेणाऱ्यांत ही कमतरता आणखी वाढते. अशी दोन्ही औषधे चालू असलेली घरे आता थोडी नाहीत.

लोहाची कमतरता तर भारतात बाईच्या पाचवीलाच पुजलेली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय होता. त्यातल्या काहींची जीभ पातळ, फिकट आणि दुखरी होते, ओठांचे कोपरे चिरतात, नखे चमच्यासारखी खोलगट होतात. काहींना घन पदार्थ गिळताना घास गळ्याच्या मध्यावर अडकतो. तिथे अन्ननलिकेच्या तोंडाशी पातळ पडदा तयार झालेला असतो. अशा बाईला घरात कोणी सांगते की तू नीट चावत नाहीस, कोणी म्हणते मनाचे आहे. ती हळूहळू भाकरी सोडते आणि भात कालवून खाते. तिला लोह मिळाले तर गिळणे पुष्कळदा सुधारते. मिळाले नाही, तर त्याच जागी पुढे कॅन्सर होण्याचा धोका असतो. इतक्या स्वस्त गोळीने टळणारी ही फरफट ज्यांच्या घरात चालू आहे, त्यांच्यासाठी या पुस्तकातली लोहाविषयीची पाने लिहिली आहेत.

तोंड येणे सगळ्यांच्या ओळखीचे. बारीक, गोल, पिवळसर तळाचा आणि लाल काठाचा फोड, आठ-दहा दिवसांत बरा होणारा. जागरण, ताण, गालाला लागलेला चावा, ब गटातल्या जीवनसत्त्वांची कमतरता, अशी त्याची निमित्ते. जिभेवर नकाशासारखे लाल पट्टे दिसतात, जागा बदलतात आणि तिखटाने चुणचुणतात, तेही निरुपद्रवी. काही माणसे आरशासमोर जीभ ताणून तिच्या मुळाशी ओळीने उठलेले मोठे दाणे पाहतात आणि घाबरून रात्र काढतात. ते दाणे प्रत्येकाच्या जिभेवर जन्मापासून असतात. पांढरा, खरवडल्यावर निघणारा थर बुरशीचा असतो. दम्याचा पंप घेणारे, मधुमेही, नुकतेच अँटिबायोटिक घेतलेले यांना तो होतो, आणि पंपानंतर चूळ भरण्याच्या सवयीने बराचसा टळतो. पण निरोगी दिसणाऱ्या माणसाला बुरशीमुळे छातीपर्यंत गिळताना दुखत असेल, तर रक्तातली साखर आणि एचआयव्हीची तपासणी करायलाच हवी. तिथे लाजेखातर थांबणे परवडत नाही.

औषधे स्वतःच घसा दुखवतात, हे फार कमी लोक विचारात घेतात. मुंबईत पावसाचे पाणी तुंबले की लेप्टोस्पायरोसिस टाळण्यासाठी पाण्यातून चालत आलेल्यांना डॉक्सिसायक्लिन घ्यायला सांगतात, आणि ते योग्यच आहे. पण ही कॅप्सूल झोपताना घोटभर पाण्याबरोबर घेतली, तर अन्ननलिकेत चिकटून तिथे व्रण पाडते. दुसऱ्या दिवशी प्रत्येक घोटाला छातीच्या हाडामागे कापल्यासारखे होते आणि घरचे हृदयविकाराच्या काळजीने धावपळ करतात. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिलेल्या काही गोळ्या, लोहाच्या गोळ्या, वेदनाशामके यांचेही तसेच. उपाय साधा: गोळी बसून, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची, आणि अर्धा तास आडवे व्हायचे नाही.

दोन औषधांची गोष्ट मात्र गंभीर आहे. थायरॉइड जास्त काम करते म्हणून कार्बिमॅझोल घेणाऱ्या माणसाचा घसा तापासह दुखू लागला, तर त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजायला हव्यात. क्वचित हे औषध त्या जवळजवळ संपवते. सांधेवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले गेले तर पहिली आरोळी तोंड देते: सगळीकडे व्रण आणि गिळताना जीवघेणी वेदना.

कोकणात आणि गोव्यात घशातल्या दुखण्याचे एक कारण ताटातच असते. पाल्यासारखा काटेरी मासा, गप्पा मारता मारता घास, आणि टोचले. काटा बहुधा टॉन्सिलमध्ये किंवा जिभेच्या मुळाशी रुततो, आणि डॉक्टर तो चिमट्याने दोन मिनिटांत काढू शकतो. त्याऐवजी भाताचा सुका गोळा किंवा केळे गिळून तो ढकलण्याची जुनी रीत आहे. निसटलेला काटा त्याने कधी जातोही, पण रुतलेला आणखी खोल जातो, अन्ननलिकेची भिंत भेदू शकतो. काटा गेल्यावरही ओरखडा एक-दोन दिवस टोचत राहतो; त्यापुढे टोचले, ताप आला किंवा मान दुखली, तर काटा आतच आहे असे धरून चालावे.

काही दुखणी डोळ्यांना दिसतच नाहीत. गिळल्याबरोबर जिभेच्या मुळापासून कानापर्यंत विजेसारखी कळ जाते, काही सेकंदांत थांबते आणि पुढच्या घोटाला पुन्हा येते: हा मज्जातंतूचा विकार. माणूस जेवायला भितो, वजन घटते, आणि घशात पाहणारा प्रत्येक जण म्हणतो की सगळे ठीक आहे. फिटवर वापरतात ती कार्बामॅझेपिनसारखी औषधे त्याला लागू पडतात. कानाखालून घशाकडे उतरणारे सुईसारखे हाड वाजवीपेक्षा लांब असले तरी गिळताना, मान वळवताना टोचते. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे डॉ. वॅट ईगल यांनी १९३७ मध्ये ते दाखवून दिले. गळ्याच्या पुढच्या बाजूला, थायरॉइडवर दाबताच दुखत असेल आणि महिन्याभरापूर्वी सर्दी-ताप होऊन गेला असेल, तर घसा निर्दोष असतो, थायरॉइड सुजलेली असते.

सुश्रुतसंहितेत तोंडाचे ६५ रोग सात ठिकाणी वाटून सांगितले आहेत. त्यांतले पाच जिभेचे आणि १७ कंठाचे. नावे काहीही असोत, बघून, दाबून, दिवस मोजून वेगळे करण्याची ती शिस्त आजच्या दवाखान्यातही तितकीच कामाची आहे. सुश्रुताला जिभेच्या मुळापलीकडे पाहता येत नव्हते. ते १८५४ मध्ये शक्य झाले, तेही एका गायन-शिक्षकामुळे. मॅन्युएल गार्सिया यांनी दंतवैद्याचा लहान आरसा आणि सूर्यप्रकाश वापरून स्वतःचे स्वरयंत्र पाहिले. आज त्याच जागी नाकातून जाणारी बारीक, लवचिक दुर्बीण आहे. तपासणीला काही मिनिटे लागतात आणि भूल देऊन झोपवावे लागत नाही.

महाराष्ट्रात या विषयाचा सर्वांत मोठा भाग सुपारी आणि तंबाखूने व्यापला आहे. विदर्भात खर्रा, पश्चिम महाराष्ट्रात मावा, सगळीकडे गुटखा आणि चुना-तंबाखू, आणि खेड्यांतल्या बायकांच्या हाती दात घासायची मशेरी. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीनुसार देशातले २१.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते. सुपारीने होणारा आजार १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय बायकांत नोंदवला आणि लगेच पुढच्या वर्षी मुंबईच्या डॉ. जोशी यांनी आपल्याकडचे रुग्ण मांडले. आधी तिखटाने तोंड भाजते. मग गालाची आतली बाजू पांढुरकी, ताठ होते. जीभ बाहेर निघेनाशी होते, तोंडात स्वतःची तीन बोटे उभी मावेनाशी होतात, पडजीभ आकसते आणि गिळताना त्रास होतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंत-संशोधकांनी अशा ६६ रुग्णांचा केरळात १७ वर्षे पाठपुरावा केला, त्यातल्या ७.६ टक्के लोकांना कॅन्सर झाला. यात वीस-बावीस वर्षांची मुले असतात, आणि त्यांच्यातल्या अनेकांना गोड सुपारी निरुपद्रवी वाटत असते. सुपारी एकटीही कॅन्सरकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर-संस्थेने २००४ मध्ये जाहीर केले. महाराष्ट्राने गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी घातली, पण सुपारी आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत घेऊन हातावर मिसळायला कोणी अडवत नाही.

जिभेच्या कडेचा कॅन्सर सुरुवातीला फारसा दुखत नाही. धारदार दातामुळे झालेली जखम वाटते, आणि दात घासून घेतला तरी ती भरत नाही. दुखायला लागते तेव्हा तो खोल गेलेला असतो. तोंड आल्याचा फोड असह्य दुखतो आणि दहा दिवसांत जातो. हा मुकाट राहतो आणि जात नाही. म्हणून वेदनेच्या मापाने धोका मोजू नये, असे वर म्हटले. तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, लाल किंवा पांढरा चट्टा, एकाच बाजूचे गिळतानाचे दुखणे, मानेतली न दुखणारी गाठ, बदललेला आवाज, घटते वजन यांपैकी एकही असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे. तपासणारा डॉक्टर हातमोजा घालून जिभेच्या मुळाशी बोट फिरवतो का, हेही पाहावे. तिथली गाठ दिसण्याआधी बोटाला लागते.

वेळेवर पोचण्याने किती फरक पडतो, याचे सर्वांत चांगले पुरावे भारतातलेच आहेत. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन नुसत्या उजेडात तोंडे तपासली. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू त्याने ३४ टक्क्यांनी घटले, असे २००५ मध्ये दिसले. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडाच्या लवकरच्या अवस्थेतल्या कॅन्सरमध्ये मानेतल्या गाठी आधीच काढाव्यात की वाट पाहावी, हा जगभर रेंगाळलेला प्रश्न सोडवला. २०१५ च्या त्या अभ्यासात आधीच काढलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते, वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचे तोंड दर पाच वर्षांनी तपासायचे, असे केंद्र सरकारच्या कार्यक्रमात २०१६ पासून लिहिलेले आहे. आरोग्य उपकेंद्रातली परिचारिका ते टॉर्च आणि लाकडी पट्टीने करू शकते, आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत. घसा दुखत नसतानाही जाऊन ही तपासणी मागता येते.